कढईतले तेल सातिवलीच्या वाटेला

वसईचे नाव काढले की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे चार-दोन ठरलेली चित्रे उभी राहतात. खाडीच्या मुखावरचा तो पडका, पण अजूनही रुबाब न सोडलेला किल्ला. 1739 साली चिमाजी अप्पांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला ती हकिगत. केळीच्या बागा, पानवेली, फुलांच्या टोपल्या घेऊन पहाटेची गाडी गाठणारी माणसे. आणि उन्हात वाळवलेली ती गोड, चिकट सुकेळी. ही सारी वसई रुळांच्या पश्चिमेची. तिच्यावर लिहिणारे पुष्कळ झाले. स्टेशनाच्या पूर्वेकडच्या जिन्याने उतरणारा माणूस मात्र सहसा प्रवासवर्णन लिहीत नाही. तो कामाला निघालेला असतो, आणि संध्याकाळी परत येतो तेव्हा त्याच्या अंगात लिहिण्याचे त्राण उरलेले नसते.

सातिवली ही त्या पूर्वेकडच्या वसईतली. नावावरून थोडा घोटाळा होतो. 'सातिवलीला चाललोय' असे मी म्हटले तेव्हा आमच्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "बरं झालं, सांधे धरलेत ना तुमचे? गरम पाण्याच्या कुंडात चांगले तासभर बसा." त्यांची सातिवली निराळी. तीही याच पालघर जिल्ह्यात, पण मनोरच्या बाजूला, महामार्गाजवळ. आपल्या सातिवलीला गरम पाण्याचे कुंड नाही. इथे गरम होतात ती यंत्रे, मोटारींची इंजिने आणि महिनाअखेरीस मालकांची डोकी.

वसई रोड स्टेशनाबाहेर शेअर रिक्षात मागे तीन आणि पुढे चालकाच्या मांडीला मांडी लावून चौथा, असे बसले की वाट सुरू होते. नवघरच्या उंच उंच इमारती मागे पडतात, गोखिवरे येते, रेंज ऑफिसचा थांबा जातो, आणि मग हळूहळू घरे कमी होऊन पत्र्याची छपरे वाढू लागतात. समोर निळसर डोंगर दिसतात ते तुंगारेश्वरचे. श्रावणात शिवभक्तांची तिकडे रीघ लागते. 2003 साली त्या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. पलीकडे डोंगरात रान, अलीकडे मुंबई-अहमदाबाद महामार्ग, आणि महामार्गाच्या नि स्टेशनाच्या मधोमध गाळ्यांची ही वस्ती. 2009 साली वसई-विरार महानगरपालिका झाली, 2014 साली ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला, पण सातिवलीच्या गाळेवाल्याला विचाराल तर तो सांगेल, "साहेब, पाट्या बदलल्या. खड्डे तेच आहेत."

गावात काय काय होते ते डोळ्यांनी पाहण्याआधी नाकानेच कळते. एका गाळ्यातून लोखंड कापल्याचा वास, दुसऱ्यातून तापलेल्या प्लॅस्टिकचा, तिसऱ्यातून पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या खळीचा. मधेच एखाद्या गाळ्यातून चक्क शेव तळल्याचा खमंग वास येतो नि पोटात कावळे ओरडू लागतात. आणि या सगळ्या वासांच्या खाली, तंबोऱ्याच्या षड्जासारखा एक वास सतत लागलेला असतो. तो डिझेलचा. गाळ्यापुढे लागलेली मालमोटार डिझेलवर, माल चढवणारी क्रेन डिझेलवर, वीज गेली की धडधडणारा जनित्राचा डबा तोही डिझेलवर. 2024 च्या मध्यापासून मुंबईकडे हे डिझेल लिटरला 90 रुपयांच्या आसपास खेळत राहिले. तेव्हा सातिवलीत दोन माणसे चहाला भेटली की पहिला विषय डिझेलचा निघतो, आणि दुसरा, 'डिझेलहून स्वस्त काही मिळते का?' हा.

माझ्या भाच्याचा तिथे लेथचा छोटा कारखाना आहे. त्याच्या दारातल्या बाकड्यावर बसून मी हे ऐकत होतो. शेजारचे एक ट्रकमालक आले. पन्नाशीचे, अंगाने भरलेले, कपाळावर गंध, हातात शीतपेयाची एक जुनी बाटली. बाटलीत पिवळट रंगाचे काहीतरी होते.

"मामा, तुम्ही शिकलेली माणसं," ते मला म्हणाले. भाच्याचा मामा म्हणजे सगळ्या गाळ्यांचा मामा! "हे बघा, बायोडिझेल. हायवेला एक जण टँकरमधून देतो. डिझेलपेक्षा सतरा रुपये कमी. माझ्या तीन गाड्या आहेत. महिन्याला गाडीमागे हजार लिटर धरा. हिशेब करा तुम्हीच!"

हिशेब कठीण नव्हता. तीन हजार लिटर, लिटरमागे सतरा रुपये, महिन्याला 51,000. आमचे डोळे विस्फारले. भाचा मात्र म्हणाला, "काका, गाडीत ओतण्याआधी मास्तरांना दाखवून घ्या."

हे मास्तर म्हणजे पलीकडच्या गाळ्यातले. उभी हयात त्यांनी रसायनशास्त्र शिकवण्यात घालवली, आणि निवृत्त झाल्यावर घरी पेपर वाचत बसण्याऐवजी ओळखीच्या एका कारखान्याच्या तपासणीच्या खोलीत जाऊन बसू लागले. कोणी तेल आणतो, कोणी रंग आणतो, मास्तर बघून देतात. त्यांनी बाटली उजेडात धरली, बूच काढून वास घेतला, नि काही न बोलता कपाटातून दोन काचेच्या नळ्या काढल्या.

"आधी बसा सगळे," मास्तर म्हणाले. वर्गात शिरल्यावर म्हणत असतील अगदी त्याच आवाजात. "बायोडिझेल म्हणजे काय, ते माहीत आहे का कुणाला?"

कोणालाच माहीत नव्हते. मग त्यांनी जे सांगितले ते माझ्या शब्दांत देतो.

शेंगदाण्याचे, पामचे, सोयाबीनचे, कोणतेही खायचे तेल घ्या. त्याच्या एकेका कणाची रचना तीन पायांच्या तिवईसारखी असते. वरची फळी ग्लिसरिनची आणि तीन पाय चरबीच्या आम्लांचे. ही तिवई जाडजूड, म्हणून तेल दाट. ते तसेच आजच्या इंजिनात घातले तर नोझलच्या बारीक भोकांतून त्याचा नीट फवारा होत नाही. ते अर्धवट जळते नि काजळी धरते. मग करायचे काय, तर तिवईचे पाय सोडवायचे. तेल गाळून, तापवून त्यातले पाणी उडवून द्यायचे. मिथेनॉल नावाच्या अल्कोहोलात थोडा कॉस्टिक विरघळवून ते मिश्रण तेलात घालायचे आणि साठ अंशांच्या आसपास तापमान ठेवून तासभर ढवळत राहायचे. ग्लिसरिनची फळी सुटून खाली बसते आणि तिन्ही पाय मिथेनॉलशी जोडले जाऊन पातळ, सोनेरी द्रव वर तरंगतो. तो पाण्याने धुऊन, वाळवून घेतला की झाले बायोडिझेल. शंभर लिटर तेलातून साधारण तेवढेच बायोडिझेल येते, आणि तळाशी दहा-एक किलो ग्लिसरिन.

"म्हणजे घरीसुद्धा करता येईल की!" भाचा म्हणाला.

मास्तरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. "2015 साली मालवणीत गावठी दारू पिऊन शंभराच्या वर माणसं मेली, आठवतं? त्या दारूत होतं ते हेच मिथेनॉल. पोटात गेलं तर डोळे जातात, जीव जातो. वाफ पेटली तर भर उन्हात ज्वाळा दिसतसुद्धा नाही. परवाना, वायुवीजन, आगीची व्यवस्था, सगळं असल्याशिवाय हे करायचं नाही. स्वयंपाकघरात तर मुळीच नाही. लक्षात ठेव."

मग मास्तरांनी परीक्षा मांडली. एका नळीत 27 मिलिलिटर मिथेनॉल घेतले आणि त्यात त्यांच्याकडच्या खात्रीच्या बायोडिझेलचे 3 मिलिलिटर सोडले. नळी हलवली. तेल दिसेनासे झाले. पाण्यात साखर विरघळावी तसे. "खरं बायोडिझेल मिथेनॉलात पूर्ण विरघळतं. कच्चं राहिलेलं तेल असेल तर तळाला बसतं. खनिज तेल असेल तरी ते वेगळं राहतं."

दुसऱ्या नळीत त्यांनी ट्रकमालकांच्या बाटलीतले 3 मिलिलिटर घातले आणि हलवले. आम्ही सगळे वाकून पाहत राहिलो. क्षणभर गढूळ झाले, नि मग एक पिवळा थर हळूहळू खाली सरकत तळाशी जाऊन बसला. जेवढे घातले होते, जवळजवळ तेवढेच.

"काय असेल हो हे?" ट्रकमालकांचा आवाज एकदम खाली आला.

"काय आहे ते मोठ्या प्रयोगशाळेतच कळेल. काय नाही, ते मी सांगतो. हे बायोडिझेल नाही."

खोलीत कोणी काही बोलले नाही. बाहेर एक गाडी मागे घेताना तिचा भोंगा तेवढा वाजत होता. ट्रकमालकांची एक गाडी बँकेच्या कर्जावर घेतलेली, तिचे हप्ते अजून तीन वर्षे राहिलेले, हे मला नंतर कळले.

हा प्रकार एकट्या सातिवलीतला समजू नका. 2020 आणि 2021 साली गुजरातेत आणि महाराष्ट्रात महामार्गांच्या कडेला 'बायोडिझेल'च्या पाट्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी विकले जात होते ते कारखान्यांसाठी आणलेले स्वस्त खनिज तेल आणि असलीच मिश्रणे. दोन्ही राज्यांत छापे पडले, टाक्यांना सील लागले. महाराष्ट्र सरकारने 2021 साली बायोडिझेलचे उत्पादन, साठवण आणि विक्री यांसाठी वेगळे धोरण काढले. त्याआधी 2019 साली केंद्र सरकारने नियम केलेच होते. किरकोळ विक्रेत्याने नोंदणी केली पाहिजे आणि विकायचे ते शुद्ध बायोडिझेल, म्हणजे ज्याला 'बी-100' म्हणतात तेच. आधीच कशात तरी मिसळलेले नव्हे. तेही भारतीय मानक 15607 मध्ये बसणारे हवे. तेव्हा पावतीवर नोंदणी नाही, गुणवत्तेचा दाखला नाही आणि भाव मात्र सतरा रुपयांनी कमी, असे कोणी सांगू लागला तर बाटली घेऊन आधी मास्तर शोधावा.

इथे एखादा वाचक म्हणेल, मग हे बायोडिझेल म्हणजे निव्वळ थोतांडच की! तसे मुळीच नाही. थोतांड आहे ते नावाच्या आड विकले जाणारे. मूळ कल्पना मात्र थेट डिझेल इंजिनाइतकी जुनी आहे.

रुडॉल्फ डिझेल हा जर्मन इंजिनियर. 1897 साली त्याचे इंजिन आउग्सबुर्गच्या कारखान्यात यशस्वी झाले. पुढे 1900 साली पॅरिसला जगाचे प्रदर्शन भरले, तिथे एका कंपनीने असेच एक छोटे इंजिन चालवून दाखवले, आणि ते चालत होते चक्क भुईमुगाच्या तेलावर. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग मुबलक. तिथल्या तिथे इंजिन चालावे, ही त्यामागची फ्रेंच सरकारची इच्छा. पुढे खनिज तेल पाण्यासारखे स्वस्त झाले, इंजिनेही त्याच पातळ तेलाच्या बेताने घडू लागली, आणि भुईमुगाचे तेल आपले फोडणीला राहिले. 1913 साली इंग्लंडला जाताना डिझेल बोटीवरून नाहीसा झाला. 1937 साली ब्रसेल्सच्या एका प्राध्यापकाने, शाव्हान त्यांचे नाव, तेलाची तिवई सोडवून इंधन करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. म्हणजे मास्तरांच्या नळीतला तो सोनेरी द्रव काही काल-परवाचा नव्हे.

आणि आपल्याकडे तरी झाडाच्या बियांचे तेल जाळण्यात नवीन काय आहे? रॉकेल येण्यापूर्वी या सबंध किनाऱ्यावर दिव्यांत कडू तेल जळत असे. उंडीच्या फळांचे तेल, करंजाच्या बियांचे तेल. खायला कडू म्हणून त्याला कोणी पळीने ओढीत नसे. ते दिव्याला, होडीच्या लाकडाला आणि खरजेला. करंजी खायची, करंज जाळायचा, असा सरळ कारभार होता. याच धाग्याने सरकारही एकदा पुढे गेले होते. 2003 साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाच्या लागवडीची मोठी योजना सुचवली. कुंपणाला लावतात तोच हा मोगली एरंड. शेरडेसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. पडीक जमिनीत तो वाढेल, त्याच्या बियांतून देशाचे डिझेल निघेल, असा बेत होता. त्याच्या आदल्याच वर्षी, 31 डिसेंबर 2002 रोजी, दिल्ली-अमृतसर शताब्दी गाडीचे इंजिन 5 टक्के बायोडिझेल घालून चालवून पाहण्यातही आले होते. पण पडीक जमिनीतले झाड जगले तरी बिया पडीकच देत होते. पाणी नि खत घालावे तर मग तिथे ज्वारी-भात काय वाईट? कित्येक ठिकाणी शेतकऱ्यांनी रोपे उपटून टाकली. 2018 च्या राष्ट्रीय धोरणाने 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले खरे. पण 2024 पर्यंत हे प्रमाण एका टक्क्याच्या आतच रेंगाळत होते. कारण एकच. तेल आणायचे कुठून?

खायचे तेल जाळणे आपल्याला परवडणारे नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक परदेशातून येते. उरते ते एकच तेल, जे आपण वापरून झालो आहोत. कढईतले, तळणीचे, काळे पडलेले.

याच तेलाचा दुसरा प्रवास फार वाईट आहे. मोठ्या उपाहारगृहातले दोन-तीन दिवस तळून काळे झालेले तेल स्वस्तात विकले जाते. ते कोणी फेकत नाही. ते लहान टपरीच्या कढईत येते आणि तिथे पुन्हा तळणीला लागते. वारंवार तापलेल्या तेलात शरीराला अपायकारक द्रव्ये साठत जातात. हे खराब होणे मोजण्याचे एक माप आहे, 'टोटल पोलर कंपाउंड्स' असे त्याला म्हणतात. ते 25 टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्याला वापरू नये, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून लागू केला. त्याच वर्षी 10 ऑगस्टला, जागतिक जैवइंधन दिनी, असे तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची मोहीम सुरू झाली. दिवसाला 50 लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवावी, असेही ठरले. 2019 साली सरकारी तेल कंपन्यांनी शंभर शहरांतून असे बायोडिझेल घेण्याची तयारी दाखवली. पहिल्या वर्षीचा भाव लिटरला 51 रुपये धरला होता. मॅकडॉनल्ड्सची पश्चिम भारतातली उपाहारगृहे चालवणाऱ्या कंपनीनेही आपल्या मुंबईतल्या कढयांमधल्या तेलाचे बायोडिझेल करून त्यावर आपल्या मालमोटारी चालवल्याचे 2018 साली जाहीर केले. परदेशात तर ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहराने 1994 पासून आपल्या बसगाड्यांना हा खुराक चालू केला होता. बटाट्याची भजी खाऊन बस पळते, असे म्हणायला हरकत नाही.

मास्तरांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर ट्रकमालकांनी मला चहा पाजला. पहिला घोट घेताच म्हणाले, "ते टँकरवाल्याचं सोडा. पण खरं, दाखल्याचं बायोडिझेल मिळालं, तर सुटतात का काही पैसे?"

मग कागद-पेन्सिल निघाली. मास्तरही येऊन बसले. त्यांनी सांगितलेली पहिली गोष्ट अशी की लिटरला लिटर धरले तर बायोडिझेलमधली ताकद डिझेलपेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी कमी असते. म्हणजे डिझेल 90 रुपये असेल तर शुद्ध बायोडिझेल 83 रुपयांना मिळाले तरी फायदा शून्य. अ‍ॅव्हरेज तेवढेच पडते. त्याच्या खाली मिळेल तेवढीच बचत.

दुसरी गोष्ट, ते शंभर टक्के घालायचे नाही. पाचात एक भाग इतपत मिश्रण बहुतेक साध्या डिझेल इंजिनांना फेरफार न करता सोसते, पण गाडीच्या कंपनीने पुस्तकात काय लिहिले आहे ते आधी पाहायचे. 2020 नंतरच्या नव्या मानकांच्या गाड्या फार नाजूक पोटाच्या. त्यांना कंपनीने सांगितल्यापेक्षा जास्त दिले तर पचत नाही. आता समजा, खरे बायोडिझेल 75 रुपयांना मिळाले. पाच लिटरांत चार डिझेलचे, एक त्याचे. मिश्रणाचा लिटर पडला 87 रुपयांना. तीन रुपये वाचले. त्यातून अ‍ॅव्हरेजची घट वजा करा. हाती उरतात दीड-एक रुपये. गाडीमागे हजार लिटर धरले तर महिन्याला सुमारे दीड हजार, तिन्ही गाड्यांचे साडेचार हजार.

ट्रकमालकांनी कागदावरचे 51,000 आणि हे साडेचार हजार शेजारी शेजारी पाहिले नि खिन्नपणे हसले. "मामा, स्वप्न आणि पगार यांच्यात असतो तेवढाच फरक आहे."

"शिवाय," मास्तरांनी पुढचा धडा काढला, "हे इंधन साफसफाईवालं आहे. टाकीच्या भिंतींना वर्षानुवर्षं चिकटलेला गाळ ते सोडवून आणतं. म्हणून सुरुवातीला फिल्टर जाम होतात. एक-दोनदा बदलावे लागतील. जुन्या गाडीतले रबरी पाइप फुगतात, मऊ पडतात, तेही बघायचे. पाण्याचा अंश धरतं, त्यामुळे पिंप भरून वर्षभर ठेवायचं नाही. सहा महिन्यांच्या आत संपवायचं."

"आणि गुण काहीच नाही?"

"आहेत ना! गंधक जवळजवळ नाही. धूर कमी. इंजिनाच्या अंगाला वंगण चांगलं. डिझेलपेक्षा सहजी पेट घेत नाही, म्हणून साठवायला कमी धोक्याचं. आणि सगळ्यांत मोठा गुण, जे तेल पोराबाळांच्या पोटात जायचं ते तुमच्या टाकीत जातं."

हे शेवटचे वाक्य ऐकून ट्रकमालक गप्प झाले. जरा वेळाने म्हणाले, "आमच्या गल्लीच्या तोंडाशी वडापावची गाडी आहे. पोरं रोज संध्याकाळी तिथंच असतात." आणि मग, चहाचा कप खाली ठेवीत, "जनरेटरला आधी घालून बघू. साधं इंजिन आहे, बिघडलं तरी पोट बंद पडणार नाही. पण दाखला बघूनच!"

मला वाटते, सातिवलीत त्या दिवशी झालेला सगळ्यांत शहाणपणाचा ठराव तोच.

या प्रश्नाची खरी मेख कढईपाशीच आहे. बायोडिझेल करायला जो खर्च येतो त्यातला बहुतेक, रुपयातले बारा आणे म्हणा ना, मूळ तेलाचा असतो. मिथेनॉल, वीज, मजुरी ही सगळी उरलेल्या चार आण्यांत. जळके तेल टपरीवाल्याने जास्त भाव देऊन उचलले की बायोडिझेलवाल्याच्या हाती ते लागत नाही, किंवा लागते ते महागात. मग त्याचे इंधन डिझेलहून स्वस्त पडत नाही. आणि खरे इंधन स्वस्त पडत नाही म्हणूनच खोट्याला गिऱ्हाईक मिळते. हे सगळे एकाच साखळीचे दुवे आहेत. काळ्या तेलात तळलेला स्वस्त वडा आणि टँकरमधले स्वस्त 'बायोडिझेल' हे सख्खे भाऊ. दोघांचाही भाव कमी, आणि दोघांचीही खरी किंमत मागाहून वसूल होते. एकाची दवाखान्यात, दुसऱ्याची गॅरेजात.

संध्याकाळी सातिवलीतले गाळे एकेक करून बंद होतात. तुंगारेश्वरचे डोंगर काळे पडतात, रस्त्याला रिक्षांची रांग लागते, आणि शेव तळणाऱ्या गाळ्याबाहेर रिकाम्या डब्यांशेजारी काळ्या तेलाचे पिंप उभे असते. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाचे तिकडे लक्ष जात नाही. पण ते पिंप उद्या कोणत्या गाडीत चढेल, टपरीवाल्याच्या की कारखान्याच्या, यावर या वस्तीचे बरेच काही अवलंबून आहे.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरोघर तळणी चालू असतील. चकल्या, शेव, चिरोटे, करंज्या. शेवटचा घाणा निघाला की कढईत तेल उरणारच. ते चांगले असेल तर गाळून दोन-चार दिवसांत फोडणीला संपवावे. काळे पडले असेल तर मात्र पुन्हा तळणीला घेऊ नये, आणि मोरीतही ओतू नये. नळीत थिजून ते सबंध इमारतीचे गटार तुंबवते. बाटलीत भरून ठेवावे. सोसायटीतली दहा घरे मिळून एक डबा भरला तर नोंदणीकृत गोळा करणाऱ्याला तो नेणे परवडते. आणि कोपऱ्यावरच्या वडेवाल्याला, ओळखीचा असला तरी, एकदा हसत हसत विचारावे, "दादा, कढईतलं तेल जातं कुठं?" उत्तर देताना तो चाचरला, तर त्या दिवशीचा वडा राहू द्यावा.